देश तसा प्लग; जीव मात्र तिसऱ्या पिनेवर

बुलडाणा : एप्रिल उजाडला की जिल्ह्याच्या घाटाखालच्या पट्ट्यात, म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद या भागांत, माळ्यावरचे आणि अंगणातले कूलर बाहेर काढले जातात. गंजलेल्या पत्र्याला रंगाचा हात, नव्या गवताच्या ताट्या, पंप पाणी ओढतो की नाही याची खात्री, एवढे झाले की कूलर खिडकीला लागतो. राहून जाते ती वायर. मागच्या उन्हाळ्यात फुटलेला प्लग बदललेला नसतो. मग वायरची दोन टोके सोलून ती थेट सॉकेटच्या खालच्या दोन छिद्रांत घातली जातात आणि वरून माचिसच्या काड्या खुपसून घट्ट केली जातात. वरचे मोठे छिद्र रिकामेच राहते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे, त्यातही बायका आणि लहान मुले, दगावल्याच्या बातम्या येतात. त्या बातम्यांचा माग काढत गेल्यास अनेकदा या रिकाम्या छिद्रापाशीच येऊन थांबावे लागते.

हे छिद्र तिथे कोणी ठेवले, ते इतर दोहोंपेक्षा मोठे का आणि जगात सगळीकडे ते असेच का नाही, हे प्रश्न एरवी कोणी विचारत नाही. ते पडतात ते परदेशात नोकरीला असलेला मुलगा सुटीवर घरी येतो तेव्हा. शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले. अभियंते झालेली वऱ्हाडातली मुले पुढे नोकरीसाठी साता समुद्रापलीकडे गेली आणि त्यांच्या बॅगांतून चपट्या पिनांचे प्लग घरोघर आले. हजहून परतणारे यात्रेकरू चौकोनी जाड पिनांचा प्लग घेऊन येतात. लोणारचे विवर पाहायला आलेल्या परदेशी पाहुण्याच्या हातातला प्लग आणखी तिसऱ्याच घाटाचा निघतो. आपल्या भिंतीवरच्या सॉकेटात यातले काहीच धड बसत नाही.

घरगुती वापरासाठी जगात आज प्लगचे सुमारे पंधरा प्रकार आहेत. इंग्रजी वर्णमालेतील ‘ए’पासून ‘ओ’पर्यंतची अक्षरे त्यांना ओळखीसाठी दिली जातात. भारतात त्यांपैकी तीन चालतात. दोन बारीक गोल पिनांचा ‘सी’, तीन गोल पिनांचा लहान ‘डी’ आणि तसाच पण मोठा ‘एम’. आपण ज्याला साधा प्लग म्हणतो तो ‘डी’ आणि ज्याला पॉवर प्लग म्हणतो तो ‘एम’.

इतके प्रकार झाले याचे कारण विजेच्या इतिहासात आहे. वीज घरात शिरली ती दिव्यासाठी. दुसरे कोणते उपकरणच नसल्याने भिंतीवर सॉकेट असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे इस्त्री आली, पंखा आला, तेव्हा बल्ब काढून त्याच्या होल्डरमध्येच ही उपकरणे जोडली जाऊ लागली. आपल्याकडेही होल्डरला वायर लावून इस्त्री करण्याची पद्धत जुन्या वाड्यांत कित्येक वर्षे होती. अमेरिकेत हार्वे हबेल यांनी १९०४ साली सहज काढता-घालता येणाऱ्या प्लगचे पेटंट घेतले. तोही आरंभी दिव्याच्या होल्डरातच बसवायचा होता. त्यानंतर प्रत्येक देशातील कारखानदारांनी आपापल्या सोयीने पिना पाडल्या. पंखा किंवा इस्त्री बॅगेत घालून कोणी देशोदेशी हिंडेल, असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसावे. विद्युत मानकांसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था, आयईसी, १९०६ मध्येच स्थापन झाली होती खरी; परंतु प्लगच्या बाबतीत ती फार उशिरा पोहोचली. तोवर भिंतींत सॉकेट गाडले गेले होते.

भारताच्या वाट्याला आले ते ब्रिटिशांचे सॉकेट. ब्रिटनमध्ये दोन पिनांच्या प्लगचे पहिले मानक, बीएस ७३, १९१५ साली निघाले. योगायोग असा की, त्याच वर्षी टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. १९३४ मध्ये तीन गोल पिनांचे बीएस ५४६ हे मानक आले. त्यात वेगवेगळ्या क्षमतेचे वेगवेगळ्या आकाराचे प्लग होते. कारण त्या काळी ब्रिटनमध्ये दिव्याच्या विजेचा दर वेगळा आणि मोठ्या उपकरणांच्या विजेचा दर वेगळा असे. पाच अँपियरचा प्लग पंधराच्या सॉकेटात आणि पंधराचा पाचच्या सॉकेटात बसू नये, अशीच ती रचना होती. पाच अँपियरच्या खालच्या दोन पिनांमधील अंतर पाऊण इंच आणि पंधराच्या पिनांमधील अंतर एक इंच. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १२९३ या मानकाने ही कुळी पुढे चालवली. इंच जाऊन मिलिमीटर आले, पाचचे सहा आणि पंधराचे सोळा अँपियर झाले; मापे मात्र जवळपास तीच राहिली. इलेक्ट्रिकच्या दुकानात गिऱ्हाईक अजूनही ‘पंधरा अँपियरचा प्लग द्या’ असेच म्हणते आणि दुकानदार सोळाचा काढून देतो.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये लाखो घरे नव्याने बांधायची होती आणि तांब्याची टंचाई होती. तेव्हा घरभर एकच कडे फिरवून त्यावर सगळे सॉकेट जोडण्याची युक्ती निघाली. एवढ्या मोठ्या कड्यावर एखाद्या टेबल लॅम्पची बारीक वायर जळू नये म्हणून फ्यूज प्लगमध्येच बसवण्यात आला आणि नवा, चौकोनी पिनांचा, तेरा अँपियरचा प्लग जन्माला आला. त्याचे मानक, बीएस १३६३, निघाले १९४७ साली. म्हणजे ज्या वर्षी इंग्रज गेले त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा प्लग बदलला आणि जुना आपल्याकडे ठेवून गेले. आपण तो आजतागायत सांभाळला आहे. दक्षिण आफ्रिकेतही त्याच जुन्या पंधरा अँपियरच्या प्लगने मुक्काम ठोकला. श्रीलंकेत दोन्ही कुळ्यांचे प्लग चालत. तिथे २०१७ साली तेरा अँपियरच्या चौकोनी पिनांना एकमेव मानक म्हणून पसंती देण्यात आली. भारताने तसे काही करायचे म्हटले तर मुंबईच्या मनोऱ्यांपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत प्रत्येक भिंत उकरावी लागेल. त्या वाटेला कोणी जाईल असे दिसत नाही, आणि जाण्याचे फारसे कारणही नाही. कारण आपला प्लग वाईट नाही, आपण त्याला वाईट वागवतो.

सर्व जगासाठी एकच प्लग असावा हा प्रयत्न झाला नाही असे नाही. आयईसीने १९८६ मध्ये तीन गोल पिनांच्या एका आटोपशीर प्लगचे मानक जाहीर केले. तो उत्तम आहे असे सगळ्यांनी म्हटले आणि घेतला फक्त ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या दोघांनी. तो प्लग २०० ते २५० व्होल्टच्या विजेसाठी योजला होता. ब्राझीलमध्ये काही भागांत १२७ आणि काही भागांत २२० व्होल्ट वीज आहे. तिथे दोन्हीकडे भिंतीवर सॉकेट एकच. आकार एक झाला, वीज दोन राहिल्या. सारख्या दिसणाऱ्या सॉकेटने फसवणूक होते ती अशी.

आकार जुळला म्हणून वीज जुळत नाही

परदेशी प्लगच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे. बाजारात मिळणारा ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नव्हे. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. अमेरिकेत ती १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. जपानमध्ये तर १०० व्होल्टच, आणि तिथल्या पूर्व भागात ५० व पश्चिम भागात ६० हर्ट्झ. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा राइस कुकर अडॅप्टर लावून शेगावच्या घरात जोडला, तर दाब जवळपास दुप्पट होतो; परंतु उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तो कुकर त्याच्या मूळ क्षमतेच्या साडेतीनपट-पावणेचारपट वीज ओढू लागतो आणि भात शिजण्याच्या आत स्वतः जळतो. उलट दिशेने हानी कमी, निराशा जास्त. इथून न्यू जर्सीला नेलेली १५०० वॉटची किटली तिथे जेमतेम ४०० वॉटने चालते. चहाचे पाणी उकळेपर्यंत चहाची इच्छा उरत नाही. इथला मिक्सर तिथे घरघरतो, चटणी वाटत नाही. अशा उपकरणांना दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो जड असतो आणि उपकरणाच्या वॉटपेक्षा मोठा घ्यावा लागतो. बऱ्याचदा नवे उपकरणच स्वस्त पडते.

मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर मात्र या कटकटीतून सुटले आहेत. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ या शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, तर तो जगात कुठेही चालतो. बदलायची ती केवळ पिनांची बाजू. शब्दापुढे एकच आकडा असेल तर थांबावे. सौदी अरेबियाला जाणाऱ्यांसाठीही हेच. तिथे पूर्वी १२७ आणि २२० व्होल्ट अशी दोन्ही प्रकारची वीज होती. आता २३० व्होल्टचे मानक आहे आणि सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी छिद्रांचे. त्या सॉकेटच्या खालच्या दोन छिद्रांवर आतून झडप असते आणि ती वरची, अर्थिंगची, पिन आत गेल्याशिवाय उघडत नाही. आपल्याकडचा दोन पिनांचा चार्जर घालण्यासाठी वरच्या छिद्रात पेनचे टोपण खुपसून झडप उघडण्याची युक्ती अनेकजण करतात. कूलरच्या काडीचीच ही विलायती आवृत्ती. दीड-दोनशे रुपयांचा अडॅप्टर जवळ ठेवणे केव्हाही बरे.

युरोपातून आलेल्या दोन बारीक पिनांच्या प्लगचे दुखणे निराळे आहे. त्याची पिन चार मिलिमीटर व्यासाची असते. आपल्या लहान सॉकेटचे छिद्र पाच मिलिमीटरहून किंचित जाड पिनेसाठी केलेले. प्लग आत जातो, चालतोही. पण पकड सैल राहते. सैल जागी ठिणगी पडते, ठिणगीने पितळ काळवंडते, काळवंडलेल्या पितळेचा रोध वाढतो आणि सॉकेट तापू लागते. सगळ्या देशांचे प्लग घेणारे म्हणून जे बहुछिद्री सॉकेट मिळते, त्याचीही अडचण हीच. सर्वांना जागा देणारे कोणालाच घट्ट धरत नाही.

लांब पिन आधी का लागते

आता पुन्हा त्या रिकाम्या छिद्राकडे. आपल्या तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब असते. जाड यासाठी, की चुकूनही ती फेजच्या छिद्रात जाऊ नये. लांब यासाठी, की प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. उपकरणात वीज येण्याच्या आधी त्याचा पत्रा जमिनीशी जोडलेला असतो आणि वीज गेल्यानंतरच तो संबंध तुटतो. इतकी साधी, बिनखर्चाची सुरक्षितता दुसऱ्या क्वचितच एखाद्या वस्तूत असेल. आणि नेमकी हीच पिन घट्ट बसते म्हणून उपटून टाकली जाते, किंवा तिला जोडायची हिरवी वायर ‘काय करायची आहे’ म्हणून आतच कापून ठेवली जाते. कूलरला तीनऐवजी दोन तारांची स्वस्त वायर लावली की प्रश्नच मिटला.

मोबाइलच्या चार्जरला ही पिन नसते, मग कूलरलाच का हवी, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो फसवा आहे. चार्जरवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असते. त्याचा अर्थ, आतल्या विजेभोवती दुहेरी आवरण आहे आणि हाताला लागणारा कोणताही भाग धातूचा नाही. कूलर, फ्रिज, गिझर, धातूची इस्त्री, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर यांचे अंग धातूचे. कूलरमध्ये तर पत्रा, पाणी आणि वीज एकाच पेटीत नांदतात. पंपाची वायर टाकीच्या कडेला घासून सोलली गेली की टाकीचा सगळा पत्रा २३० व्होल्टवर उभा राहतो. तो फिरतो, हवा देतो, बाहेरून काही कळत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कोणी बादलीने पाणी ओतू लागले की विजेला जमिनीत जायला वाट मिळते. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तरी २३० मिलिअँपियर प्रवाह शरीरातून जातो. छातीतून गेलेला त्याच्या निम्माही प्रवाह हृदयाची लय बिघडवायला पुरेसा आहे. महावितरण दर उन्हाळ्यात आवाहन करते की, पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढा. ते यासाठी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या फिटिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असले, तर पंखा थांबतो, पण वायरमध्ये वीज तशीच राहते.

मात्र तीन पिनांचा प्लग लावला म्हणजे सगळे झाले असेही नाही. ती पिन सॉकेटमागून ज्या तारेला जोडली जाते ती तार पुढे खरोखर जमिनीपर्यंत गेली पाहिजे. अनेक घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते आणि त्याच्यामागे काहीच नसते. काही ठिकाणी वायरमन ते छिद्र आतल्या आत न्यूट्रललाच जोडून देतो. हे सर्वांत घातक. डीपीकडून येणारी न्यूट्रलची तार वाऱ्यावादळात तुटली, की त्या घरातील प्रत्येक धातूच्या उपकरणाच्या अंगावर फेजची वीज येते. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थिंग जोडत. आता पाइप प्लॅस्टिकचे झाले आणि ती सोय कोणाच्या लक्षात न येता संपली.

घाटाखालच्या भागात आणखी एक पेच आहे. अर्थिंग म्हणजे जमिनीत खड्डा घेऊन पुरलेला पाइप किंवा पत्रा आणि त्याभोवती मीठ व कोळसा. ओली माती वीज वाहून नेते, कोरडी नेत नाही. एप्रिल-मे महिन्यांत काळी जमीन भेगाळते, पाइप आणि माती यांच्यात पोकळी पडते, आणि ज्या दोन-तीन महिन्यांत कूलर रात्रंदिवस चालतो त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. समजा, त्या खड्ड्याचा रोध वाढून २० ओहम झाला. पत्र्यातून जमिनीकडे २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर प्रवाह जाईल. मीटरजवळच्या १६ अँपियरच्या एमसीबीला तो नेहमीचाच भार वाटतो. ती पडत नाही. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळलेली असेल तर विचारायलाच नको. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहण्याची जुनी रीत आहे. पिण्याच्या पाण्याचीच ओरड असलेल्या गावात ती पाळली जात नाही, हे समजण्यासारखे आहे. भांडी घासलेले पाणीही त्या कामाला चालते.

याच सॉकेटांवर आता नवे ओझे आले आहे. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ अँपियर ओढते. ती सहा अँपियरच्या सॉकेटात चालू नये म्हणूनच तिचा प्लग मोठा दिलेला असतो. पण मोठ्याचा लहान करणारा कन्व्हर्जन प्लग पन्नास-साठ रुपयांत मिळतो आणि १९३४ पासून चालत आलेली ती खबरदारी एका क्षणात निकालात निघते. भिंतीतील बारीक वायर तापते, सॉकेटचा प्लॅस्टिकचा चेहरा पिवळा पडतो, मग तपकिरी. विजेवरच्या दुचाकीचा चार्जर रात्रभर चालतो, तिथेही हीच काळजी. तपकिरी पडलेले सॉकेट पुसून नव्हे, बदलून टाकायचे असते. नवे घेताना त्यावर आयएसआय चिन्ह आणि १२९३ हा आकडा आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

ज्या घरात अर्थिंगची खात्री नाही, तिथे आरसीसीबी नावाचे यंत्र उपयोगी पडते. मुख्य बोर्डावर एमसीबीच्या शेजारी ते बसते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ते सतत वजाबाकी करते. फरक पडला, म्हणजे वीज दुसरीकडे कुठेतरी, पत्र्यातून किंवा माणसातून, जमिनीत चालली आहे. घरगुती वापराचे यंत्र ३० मिलिअँपियरच्या फरकाला, डोळ्याचे पाते लवावे इतक्या वेळात, पुरवठा तोडते. धक्का बसतो, पण तो पकडून ठेवत नाही. अर्थिंगची तार असेल तर पत्र्यात वीज उतरताच, कोणी हात लावण्यापूर्वीच, ते पडते. नसेल तर हात लागल्यावर. हा फरक लहान नाही, त्यामुळे एक आहे म्हणून दुसरे सोडून चालत नाही.

या यंत्रावर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते. कूलर खिडकीला लावण्याआधी, आणि नंतर महिन्यातून एकदा, ते दाबायचे. खटका पडून घर अंधारले तर यंत्र शाबूत आहे. पडला नाही तर ते त्याच दिवशी बदलावे. मात्र हे बटण केवळ यंत्राची परीक्षा घेते, खड्ड्याची नाही. अर्थिंगचा रोध मोजण्यासाठी परवानाधारक वायरमनलाच मीटर घेऊन बोलवावे लागते, आणि ते मेमध्ये बोलवावे, पाऊस पडून गेल्यावर नव्हे.